जाहिरात शेवटून वाचा

गेल्या अंकात संपादकांनी "संशोधनासाठी पैसा कुठून मिळवावा, याबद्दल प्रश्न पाठवा" असे छापले आणि आलेला पत्रांचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला. मी कोण ते आधी सांगते. प्राध्यापक नाही, पीएचडी तर नाहीच. राज्यातल्या एका विद्यापीठाच्या संशोधन विभागात कनिष्ठ लिपिक म्हणून लागले आणि अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. मधली सगळी वर्षे दुसऱ्यांच्या फेलोशिपा, त्यांची हप्त्याहप्त्याने येणारी अनुदाने आणि कधीच वेळेवर न येणारी उपयोगिता प्रमाणपत्रे (पैसे ठरल्या कामालाच खर्च झाले असे सांगणारे कागद) हेच माझे वाचन होते. तुमचा विषय चांगला की वाईट हे मी सांगू शकत नाही, ते गाईडला विचारा. अर्ज कुठे अडकतो, एवढे मात्र मला ठाऊक आहे.

निम्म्या पत्रांत एकच मागणी आहे: "सर्व योजनांची यादी द्या." यादी देणार नाही. ती मोबाइलवर बसल्या जागी मिळते, आणि वाचणारा एकतर हरखतो नाहीतर घाबरतो. त्यापेक्षा एकच जाहिरात घ्या आणि शेवटून वाचा. पहिल्या पानावर रक्कम असते, मधल्या पानांवर उद्दिष्टे असतात. शेवटी हमीपत्राचा नमुना आणि जोडायच्या कागदांची यादी असते. आपण त्या योजनेत बसतो की नाही, हे तिथे कळते. पहिल्या पानावर मन बसल्यावर शेवटचे पान कोणी नीट वाचत नाही.

"नमस्कार मॅडम. वय ३३. मराठीत एम. ए., नेट झाले, जेआरएफ थोडक्यात हुकली. चार वर्षे सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) शिकवते. प्रवर्ग ओबीसी. पीएचडीला प्रवेश घेतला तर फेलोशिप मिळेल का? ती घेऊन तासिका चालू ठेवता येतील का? घरचे म्हणतात, हातचे सोडू नकोस."
एक वाचक, परभणी जिल्हा

आधी वय पाहू. जेआरएफ, म्हणजे नेट परीक्षेतूनच मिळणारी ज्युनियर रिसर्च फेलोशिप. तिची मर्यादा ३० वर्षांची आहे, पण महिलांना त्यात पाच वर्षांची सवलत आहे. म्हणजे जून-डिसेंबरच्या काही फेऱ्या अजून तुमच्या हातात आहेत. हुकली म्हणून सोडून दिलेली ही परीक्षा पुन्हा देणे, हाच तुमच्यासाठी सर्वांत कमी कागदांचा रस्ता. १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे महिना ३७ हजार आणि पुढे एसआरएफ (सीनियर फेलो) झाल्यावर ४२ हजार असा दर आहे, घरभाडे वेगळे. शिवाय कंटिन्जन्सी, म्हणजे किरकोळ खर्चाची रक्कम, तुमच्यासारख्या भाषाविषयाला पहिली दोन वर्षे वर्षाला १० हजार, नंतर २०,५००. यात फोटोकॉपी, पुस्तके आणि एखाद-दुसरा प्रवास भागतो.

आता दाखला. या एका कागदापायी मुली विभागाच्या बाकावर बसून रडताना मी पाहिल्या आहेत. नेटसाठी ओबीसीचा दाखला केंद्र सरकारच्या नमुन्यातला लागतो, नॉन-क्रीमीलेअरसह. राज्याच्या नमुन्यातला दाखला तिथे चालत नाही. त्यातही काही जाती राज्याच्या यादीत ओबीसी आहेत आणि केंद्राच्या यादीत नाहीत. तुमची जात दोन्हीकडे आहे का ते तपासा. वयाची सवलत तुम्हाला बाई म्हणून मिळतेच, तिला दाखला लागत नाही. पण कट-ऑफ ओबीसीचा हवा असेल तर केंद्राचाच कागद पाहिजे. सेतू केंद्रात जाताना "सेंट्रलचा" असे स्पष्ट सांगा, नाहीतर ते सवयीने राज्याचा काढून देतात.

जेआरएफ नाहीच झाली तर राज्याचा मार्ग आहे. ओबीसी, विमुक्त-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गासाठी नागपूरची महाज्योती. इतर वाचकांसाठीही सांगून टाकते. अनुसूचित जातींसाठी पुण्याची बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी पुण्याचीच सारथी, अनुसूचित जमातींसाठी आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था. खुल्या प्रवर्गातल्या ज्या जातींना अशी कुठलीच संस्था नाही, त्यांच्यासाठी अमृत आहे. या संस्थांच्या जाहिराती ठरावीक तारखेला येत नाहीत, जागा आणि निवडीची पद्धत दरवर्षी तीच राहत नाही. गेल्या वर्षी मैत्रिणीला कशी मिळाली, यावर विसंबू नका.

या योजनांमध्ये मुलींचा पाय घसरतो तो नोंदणीवर. विद्यापीठात प्रवेश मिळाला, फी भरली, म्हणजे आपण पीएचडीला "लागलो" असे वाटते. फेलोशिप देणारे बहुधा कायम नोंदणीचे पत्र मागतात, आणि ते आरआरसीत, म्हणजे विद्यापीठाच्या संशोधन मान्यता समितीत, विषय मंजूर झाल्यावर निघते. आरआरसीची बैठक लांबली की पत्र लांबते, तेवढ्यात जाहिरातीची मुदत संपते. म्हणून सायनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) पहिल्याच बैठकीला जाईल असे बघा. गाईड म्हणाले "पुढच्या वेळी ठेवू", तर नम्रपणे "याच वेळी ठेवू या, सर" म्हणा.

तासिकांचे उत्तर तुम्हाला आवडणार नाही. हमीपत्रात "मी अन्यत्र पूर्णवेळ वा अर्धवेळ नोकरी करत नाही, कोणतेही मानधन घेत नाही" अशा अर्थाचे वाक्य असते आणि तुम्ही त्याखाली सही करता. सीएचबीचे मानधन बँकेतून येते, त्याची नोंद राहते. पुढे कोणी तक्रार केली तर दिलेली सगळी रक्कम वसूल होते. मग दोहोंतले काय सोडावे? माझे मत विचाराल तर तासिका सोडा, पण फेलोशिपचे पत्र हातात पडल्यावर, आणि घरखर्चाचे सहा महिन्यांचे पैसे बाजूला काढून. सुरुवातीला पैसे येत नाहीत आणि मग एकदम बऱ्याच महिन्यांचे येतात. मधल्या काळात घरच्यांचे "सांगितलं होतं ना" ऐकावे लागते, त्याची तयारी ठेवा.

"अनुदानित कॉलेजात वनस्पतिशास्त्राचा सहायक प्राध्यापक, कायम पद, वय ३८. सीनियर सांगतात, त्यांच्या वेळी यूजीसीचे मायनर प्रोजेक्ट सहज मिळायचे. आता ते बंद. कॅसला (बढतीला) प्रोजेक्टचे गुण हवेत. कॉलेजात धड मायक्रोस्कोप नाही. आमच्यासारख्यांना कोण देणार?"
एक वाचक, राजापूर तालुका

गुणांचा विषय आधी संपवू. २०१८च्या यूजीसी नियमांप्रमाणे १० लाखांच्या वरचा पूर्ण झालेला प्रकल्प १० गुण देतो, खालचा ५. चालू असलेल्याला अनुक्रमे ५ आणि २. त्यामुळे माझ्या टेबलावर येणाऱ्या प्रस्तावांत साडेदहा लाखांचे प्रस्ताव फार असायचे. आकडा कामातून आलाय की कॅसमधून, हे तपासणाऱ्याला बजेटचे पान बघताच कळते.

यूजीसीने ५ सप्टेंबर २०२२ला शिक्षकदिनी नव्या योजना काढल्या. त्यात सेवेतल्या प्राध्यापकांसाठी दोन वर्षांत १० लाखांचे अनुदान आहे. शेवटचे पान वाचा: वय पन्नाशीच्या आत, पाच पूर्णवेळ विद्यार्थ्यांना पीएचडीचे मार्गदर्शन केलेले, दोन अनुदानित प्रकल्प पूर्ण केलेले. हे सगळे ज्याच्याकडे आहे त्याला या १० लाखांची किती निकड असेल, हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता. नव्याने रुजू झालेल्यांसाठी डॉ. डी. एस. कोठारी अनुदान आहे, तेही १० लाखांचे. तुम्ही किती वर्षांपूर्वी लागलात ते लिहिलेले नाही, त्यावर ते ठरेल.

मोठा पैसा आता अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडे आहे. २०२३च्या कायद्याने ते झाले, फेब्रुवारी २०२४मध्ये कायदा अमलात आला आणि जुने सर्ब, म्हणजे विज्ञान संशोधनाला अनुदान देणारे केंद्राचे मंडळ, त्यात विलीन झाले. तुमच्या वयाच्या लोकांसाठी पंतप्रधान अर्ली करिअर रिसर्च ग्रँट आहे, तीन वर्षांत ६० लाखांपर्यंत. पण तुमच्या पत्रातली "धड मायक्रोस्कोप नाही" ही ओळ वाचून सांगते, तिथून सुरुवात करू नका. पहिले अनुदान विद्यापीठाच्या स्वतःच्या लहान योजनेतून घ्या. लाख-दोन लाख असतील, कटकट तेवढीच असेल, पण "आधीचा प्रकल्प वेळेत पूर्ण, हिशेब पूर्ण" हे वाक्य पुढच्या प्रत्येक अर्जात लिहिता येते.

आणि मायक्रोस्कोपचे रडगाणे बंद करा, राग मानू नका. तुमच्या कॉलेजच्या मागे सडा, म्हणजे कातळाचे पठार, असेल. राजापुरात कॉलेज आहे आणि जवळ सडा नाही, असे होणार नाही. पावसाळ्यात त्या कातळावर डबकी साचतात, गेंद आणि सीतेची आसवे फुलतात, आणि पावसाबरोबर सगळे संपते. साताऱ्याचे कास २०१२मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात गेले, तिथे अभ्यासकांची रीघ लागली. कोकणातल्या सड्यांवर मात्र चिऱ्याच्या खाणी चालू आहेत आणि कातळ फोडून, वर माती घालून कलमे लावली जात आहेत. कलमे लावलेल्या सड्यावर आणि शेजारच्या मोकळ्या सड्यावर काय उगवते, याची सलग तीन पावसाळे केलेली नोंद हा प्रस्ताव होऊ शकतो. मी वनस्पतिशास्त्रातली नाही, तेव्हा प्रश्न तुम्ही नेमका करा. सांगायचे एवढेच की प्रस्ताव चाळणारा पहिल्यांदा "हे काम यांनीच का करावे?" असे विचारतो. जिल्ह्याबाहेरच्या माणसाला पावसाळ्यात सलग सहा आठवडे सड्यावर चढता येत नाही, तुम्हाला येते. हे पहिल्या परिच्छेदात यायला हवे. माझ्याकडे आलेल्या प्रस्तावांत ते चौथ्या पानावर असायचे आणि पहिल्या पानावर जैवविविधतेच्या जागतिक महत्त्वाबद्दल निबंध असायचा.

बजेटमध्ये उपकरणांवर अर्ध्याहून जास्त रक्कम टाकू नका. क्षेत्रसहायक, प्रवास, हर्बेरियमचे (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाचे) साहित्य, जीपीएस, छपाई एवढे पुरेल. ओळख पटवायला पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे केंद्र आहे, तिथल्या हर्बेरियमशी बोलून ठेवा आणि तसे पत्र जोडा. निसर्गरक्षणाकडे झुकणारे काम असेल तर इंग्लंडच्या रफर्ड फाउंडेशनचे लहान अनुदान पाहा. ते व्यक्तीला मिळते, त्यासाठी मोठी प्रयोगशाळा दाखवावी लागत नाही, आणि आपल्याकडच्या कितीतरी तरुण अभ्यासकांनी सुरुवात त्यावर केली आहे. शिफारस करणारे मात्र तुमचे काम खरोखर पाहिलेले हवेत. प्राचार्यांचे "हे होतकरू आहेत" छापाचे पत्र तिथे चालत नाही.

मंजूर झाल्यावर काय, ते कोणी विचारत नाही म्हणून न विचारता सांगते. प्रकल्पाचे खाते वेगळे ठेवा. खरेदी जेममधून (सरकारी खरेदीच्या संकेतस्थळावरून) करायची की कोटेशनवर, हे आधी कॉलेजच्या हिशेबनीसाला लेखी विचारा. ज्या शीर्षकाखाली पैसे मिळाले त्याच शीर्षकाखाली खर्च करा, प्रवासाचे उरले म्हणून त्यात प्रिंटर घेऊ नका. उपयोगिता प्रमाणपत्र केंद्राच्या वित्तीय नियमांतल्या जीएफआर १२-अ नमुन्यातच द्यावे लागते आणि त्यावर सनदी लेखापालाची सही लागते. बहुतेकांचा दुसरा हप्ता अडतो तो याच एका कागदावर. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सीए फोन उचलत नाहीत, तेव्हा फेब्रुवारीतच गाठा.

"मॅडम, मला एक भाऊ आहे, पण तो सावत्र आहे आणि वेगळा राहतो. सावित्रीबाई फुले फेलोशिप मिळेल का?"
एक विद्यार्थिनी, सोलापूर

सावित्रीबाई जोतीराव फुले फेलोशिप आईवडिलांच्या एकुलत्या एका मुलीसाठी आहे. भाऊ किंवा बहीण असेल तर मिळत नाही. जुळ्या मुलींना मात्र चालते. पीएचडी नियमित आणि पूर्णवेळ हवी. शंभर रुपयांच्या मुद्रांकावर पालकांना प्रतिज्ञापत्र करून द्यावे लागते आणि ते दंडाधिकारी किंवा तहसीलदाराच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडून साक्षांकित होते. "वेगळा राहतो" ही सबब प्रतिज्ञापत्रात लिहिण्याची हिंमत असेल तर यूजीसीला आधी लेखी विचार, उत्तर आल्यावरच अर्ज कर. तुला अरे-तुरे केले, रागावू नकोस, पण खोट्या प्रतिज्ञापत्राने डिग्रीच धोक्यात येते.

"रसायनशास्त्रात पीएचडी. लग्न, दोन मुले, सासऱ्यांचे आजारपण यात आठ वर्षे गेली. आता ४१. परत यायचे आहे, पण मुलाखतीत या खंडाचे कारण काय सांगू?"
एक वाचक, जळगाव

कारण सांगायचे तर दोन वाक्यांत, तेवढे पुरे. तुमच्यासारख्यांसाठीच विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची वाइज-किरण योजना आहे. तिच्यात वाइज-पीएचडी २७ ते ४५ वयाच्या बायकांसाठी आणि वाइज-पीडीएफ २७ ते ६० वयापर्यंत. तुमची पीएचडी झालेली आहे, म्हणजे दुसरी. तिथे खंड पडलेली बाई हीच अपेक्षित अर्जदार आहे, लाजायचे कारण नाही.

अवघड काम दुसरे आहे. तुम्हाला यजमान संस्था आणि मेंटॉर शोधावा लागेल, आणि आठ वर्षांत जुने संबंध विरले असतील. गाईडला फोन करा, पण केवळ त्यांच्यावर थांबू नका. गेल्या तीन वर्षांत आपल्या विषयात जवळपासच्या विद्यापीठांतून कोणाचे पेपर आले ते बघा, त्यातला एक नीट वाचा, आणि त्यांना पत्र लिहून त्या पेपरबद्दल एक खरा प्रश्न विचारा. "मला कृपया संधी द्यावी" असे पत्र दिवसाला पाच येतात. पेपर वाचून विचारलेला प्रश्न महिन्यातून एखादा येतो. मुलांच्या शाळेमुळे गाव सोडता येत नसेल तर तेही पहिल्या भेटीत बोला. मेंटॉरला माहीत नसलेली अडचण पुढे त्याला अडथळा वाटते.

"इतिहासात पीएचडी करतो. माझ्या विषयाची काही कागदपत्रे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. घरची शेती, वडील म्हणतात जमीन विकून जाऊ नकोस. काही सोय आहे?"
एक वाचक, कोल्हापूर

वडील बरोबर सांगतात. तीन आठवड्यांच्या कामासाठी गुंठाभर जमीनही विकायची नसते.

चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट पाहा. वॉलेस हा कलकत्त्यात जन्मलेला व्यापारी, १९१६मध्ये वारला आणि आपल्या मालमत्तेचा उरलेला भाग ब्रिटिश हिंदुस्थानच्या सरकारी तिजोरीला देऊन गेला. पुढे त्या पैशातून १९८१मध्ये हे ट्रस्ट उभे राहिले. आपलाच पैसा एका अर्थाने, मागायला संकोच नको. त्यांची लहान संशोधन अनुदाने तुमच्यासारख्या, ब्रिटनमधली दफ्तरे बघायची आहेत अशा पीएचडीच्या अभ्यासकांसाठी असतात, मुक्काम साधारण तीन आठवड्यांपर्यंतचा. जास्त दिवस हवे असतील तर कॉमनवेल्थची स्प्लिट-साइट शिष्यवृत्ती, म्हणजे पदवी इथलीच, पण एक वर्षापर्यंत तिथल्या विद्यापीठात राहून काम. त्यासाठी तिथला प्राध्यापक आधी तयार करावा लागतो. दिल्लीची इतिहास संशोधन परिषद, आयसीएचआर, अभ्यासप्रवासासाठी अनुदान देते, देशातल्या देशात फिरायलाही.

आणि देशातल्या देशात हे आधी. "कागद लंडनला आहेत" असे म्हणणाऱ्या अर्जदाराला समिती विचारते: पुण्याचे पेशवे दफ्तर पाहिले का? मुंबईचे राज्य पुराभिलेखागार, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतले, पाहिले का? कोल्हापूरचे दफ्तर तर तुमच्या गावातच आहे. तंजावरच्या सरस्वती महालात मोडी कागदांचे ढीग आहेत, तिथे गेलात का? ही सगळी "हो" झाली की मग लंडन. अर्जात "महत्त्वाची कागदपत्रे पाहणार" लिहू नका. कोणते दफ्तर, कोणता खंड, त्याचा क्रमांक काय, आणि त्यात काय सापडेल असे वाटते ते लिहा. क्रमांकांची एक यादी दहा ओळींच्या प्रस्तावनेपेक्षा जास्त बोलते. ऑक्टोबर २०२३मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि सूची बराच काळ बंद होती, मग हळूहळू सुरू झाली. तुमचा संग्रह वाचनालयात मिळतो आहे ना, हे त्यांना ईमेलने विचारून ते उत्तर अर्जाला जोडा. पासपोर्ट नसेल तर आजच अर्ज टाका.

"आमच्या वाड्यात मोडी कागदांचे सात-आठ रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) आहेत. वाळवी लागली आहे. मी निवृत्त शिक्षक. यावर काम करायला कोणी पैसे देईल का?"
एक वाचक, वाई

काका, पैशाच्या आधी रुमाल जमिनीपासून वर, कोरड्या खोलीत हलवा आणि गोळ्या, पावडरी, फवारे यातले काहीही मारू नका. भारत इतिहास संशोधक मंडळ पुण्यात आहे, तिथल्या लोकांना दोन फोटो पाठवून सल्ला घ्या.

ब्रिटिश लायब्ररीचा एन्डेंजर्ड आर्काइव्ह्ज प्रोग्रॅम २००४पासून अशाच धोक्यातल्या संग्रहांचे डिजिटायझेशन करायला अनुदान देतो. मूळ कागद तुमच्याच देशात राहतात, प्रती सर्वांना खुल्या होतात. पण एका वाड्याचे आठ रुमाल त्यांना लहान पडतील. आसपासच्या दहा वाड्यांतले मिळून प्रस्ताव होईल, आणि तो कॉलेजच्या इतिहास विभागामार्फत गेला तर बरे. इथे एक गाठ आहे. भारतातल्या संस्थेला परदेशी अनुदान घ्यायचे तर साधारणपणे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते आणि पैसा दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. ती नोंदणी कोणत्या संस्थेकडे आहे, हे आधी शोधा आणि तिलाच पुढे करा. शिष्यवृत्ती म्हणून व्यक्तीला मिळणाऱ्या पैशाला कायद्यात सूट आहे, डिजिटायझेशनच्या प्रकल्पाला ती लागू पडेल असे समजू नका. देशातच करायचे तर केंद्राचे ज्ञान भारतम् अभियान हस्तलिखितांसाठी आहे, त्याची चौकशी करा.

"अमरावतीत १८ वर्षे इंग्रजी शिकवते. एखादे सत्र परदेशी विद्यापीठात शिकवायचे आहे. पन्नाशी आली, आता कोण घेणार?"

अमेरिकेच्या फुलब्राइट-नेहरूमध्ये अनुभवी प्राध्यापकांसाठी अकॅडमिक अँड प्रोफेशनल एक्सलन्स फेलोशिप आहे. शिकवणे, संशोधन किंवा दोन्ही, चार ते नऊ महिने. तिथल्या विभागाचे निमंत्रणपत्र असेल तर वजन पडते, आणि तिथे मिळत नसलेले काही तुम्ही शिकवणार असाल तर जास्त. शेक्सपिअर शिकवायला त्यांना अमरावतीहून माणूस लागत नाही. मराठी दलित आत्मकथने इंग्रजी अनुवादातून शिकवायला लागेल. तुमच्या संस्थेची रजा आधी तोंडी तरी पक्की करा, कारण निवड होऊन संस्थाचालक अडून बसलेले मी पाहिले आहेत. आणि हे शेवटच्या पानावरचे: सरकारी पैशाने जे-१ व्हिसावर गेलात की दोन वर्षे भारतात परत राहण्याची अट लागते. पुढे अमेरिकेत स्थायिक व्हायचे मनात असेल तर आधी विचार करा.

"फेलोशिप मंजूर, पत्र आले, नऊ महिने एक पैसा नाही. विभागात गेलो की 'वरून आले नाहीत' म्हणतात. वर फोन केला की 'तुमच्या विद्यापीठाने पाठवले नाही.'"
नाव-गाव छापू नका

नाही छापत. यूजीसीच्या फेलोशिपमध्ये विद्यापीठात एक "मेकर" आणि एक "चेकर" असतो. दरमहा तुमची उपस्थिती पहिल्याने भरायची आणि दुसऱ्याने मान्य करायची, तरच पैसे सुटतात. दोघांपैकी एकाची बदली झाली, पासवर्ड जुन्या माणसाकडे राहिला, की सगळ्यांचे थांबते. "वरून आले नाहीत" हे उत्तर ऐकून परत येऊ नका. मेकर कोण, चेकर कोण, आणि माझी कोणत्या महिन्यापर्यंतची उपस्थिती मान्य झाली, हे तीन प्रश्न विचारा. उत्तर टाळले तर तेच तीन प्रश्न लेखी द्या आणि आवक क्रमांक घ्या. आवक क्रमांक पडलेल्या अर्जाची फाईल होते, तोंडी विनवणीची होत नाही. हे मी तीस वर्षांची नोकरी करून सांगते आहे, आमच्याच लोकांविरुद्ध.

बँकेकडेही बघा. खाते आधारशी जोडलेले आहे का, अर्जातले नाव आणि पासबुकातले नाव अक्षरशः एक आहे का. वडिलांच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग दोन कागदांवर दोन तऱ्हेने असल्याने अडकलेले विद्यार्थी मोजायचे म्हटले तर अंक पुरणार नाही. घरभाड्याचा दाखला आणि प्रगती अहवाल वेळच्या वेळी द्या. हे सगळे नीट असूनही तीन आठवड्यांत हलले नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. दहा रुपये लागतात, आणि त्यानंतर अनेकदा उत्तराच्या आधी पैसे येतात.

"एक सर ५० हजारांत प्रस्ताव लिहून देतात, मंजुरीची हमीही देतात. घ्यावे का?"

नाही. मंजुरीची हमी कोणी देऊ शकत नाही. शिवाय मुलाखतीत पहिला प्रश्न पद्धतीवर येतो, तेव्हा ते सर बाहेरच्या बाकावर असतात. "निवड झाली आहे, प्रोसेसिंग फी भरा" असा मेल आला तर तोही पुसून टाका. लिहून झालेला प्रस्ताव वाचायला माणूस हवा असेल तर गेल्या दोन वर्षांत ती फेलोशिप मिळालेल्या कोणाला तरी गाठा. यशस्वी उमेदवारांच्या याद्या संकेतस्थळांवर असतात, आणि आपला अर्ज दाखवायला बहुतेक जण चहावर तयार होतात.